पाठमोरा राजाराम

मनमोहन तळपदे या माणसाला झाडावरच्या पाखरांत काडीचा रस नव्हता. बुलबुल, कोकीळ, पोपट असलं काही कुणी कौतुकाने दाखवायला गेलं की हा नाक मुरडायचा. "झाडावरचं काय, कुणीही काढील!" म्हणायचा. त्याला हवी असायची ती उघड्या, भाजक्या, रेताड माळावर जमिनीला पोट लावून जगणारी पाखरं. माळढोक, धाविक आणि सगळ्यांत लाडकी पखुर्डी. कबुतराएवढी, मातीच्याच रंगाची, नुसत्या जमिनीवर अंडी घालणारी. पायाशी बसलेली असली तरी दिसत नाही, आणि दिसली म्हणेपर्यंत उडून गेलेली असते. तिचा फोटो काढायचा, तोही असा की डोळ्याभोवतीचं पिवळं कडं मोजून घ्यावं. आता या हौसेला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

बरं, राहणारा कुठला? गिरगावातला. ठाकूरद्वाराजवळ, पाठारे प्रभूंच्या घरातला. त्या घरात पाखराकडे बघायची रीत एकच होती, प्रभूंचा संबार मसाला लावून ते चवीला कसं लागेल. थोरले बंधू अप्पा तर तोंडावर म्हणायचे, "मन्या, नेम धरायचाच तर बंदुकीने धर. निदान संध्याकाळी ताटात काहीतरी पडेल." मनमोहन चिडायचा. चिडायला त्याला निमित्त लागायचं नाही. परळच्या एका गिरणीच्या कचेरीत तो कारकून होता आणि तिथेही लोक त्याच्या टेबलापाशी जपून बोलायचे. पण मनाने वाईट नव्हता हो. फक्त जगात आपलं काम तेवढं काम आणि बाकीच्यांचे ते उद्योग, असा एक समज त्याच्या डोक्यात पक्का बसलेला होता. असली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखाददुसरी असतातच.

त्याच टेबलामागे, भिंतीला टाचलेला पखुर्डीचा एक फोटो होता. लांबून काढलेला, जरासा हललेला. राजाराम जाधव रजेचं विचारायला आला आणि फोटोपाशी थांबला.

"ही पाखरं मी बघितलीत साहेब," तो म्हणाला. "लढाईत. पलटण वाळवंटात होती. सकाळी ही ज्या दिशेला उडतील तिकडं पाणी असायचं. आम्ही ह्यांच्या मागनं जायचो."

मनमोहनने मान वर केली. पलटणीतून परतल्यावर राजाराम त्याच गिरणीच्या साचेखात्यात, मागावर लागला होता. परळच्या चाळीत एका खोलीत तो आणि बायको सुंदराबाई; मुलगी चंपा पुढे झाली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात पलटणीतली पत्र्याची पेटी. यातलं काहीही मनमोहनने तेव्हा विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "उन्हात चालवतं का तुला?"

कारण त्याला नेमका चालणारा माणूस हवा होता.

त्याची युक्ती अशी. पाखराला दिसतं सगळं, पण मोजता येत नाही. घरट्यापासून थोड्या अंतरावर गोणपाटाची एक खोपी उभी करायची, बुटकी, आत एकच माणूस कसाबसा बसेल एवढी. ती रोज थोडी थोडी पुढे सरकवायची, म्हणजे पखुर्डीची नजर तिला सरावते. मग एके दिवशी दोघांनी मिळून खोपीकडे जायचं. पाखरू उडतं आणि लांब बसून बघत राहतं. दोघांतला एक कॅमेरा घेऊन आत शिरतो. दुसरा बाहेर येतो आणि ऐटीत, हात हलवत, टेकाडापलीकडे चालता होतो. पाखरू म्हणतं, आला तो गेला. आणि निर्धास्त येऊन अंड्यांवर बसतं.

आणि एक नियम. आत बसलेल्याने आपणहून बाहेर यायचं नाही. गेलेल्याने परत यायचं, पाखरू त्याला बघून उठेल, मग दोघांनी मिळून निघायचं. रिकाम्या खोपीतून अचानक माणूस उगवला तर पखुर्डी हबकते, अंडी टाकते आणि पुन्हा त्या जागी फिरकत नाही. हा नियम मनमोहनने राजारामला पहिल्याच दिवशी सांगितला आणि वर दम भरला, "तू आलास की मी उठणार. तू नाही आलास तर मी तिथेच मरेन, समजलास?"

"येणार ना साहेब," राजाराम म्हणाला. "न येऊन जातो कुठं?"

मग दर वर्षी सुटी काढून दोघं जायचे. कधी नगरकडच्या माळावर, एकदा आगबोटीने पार कच्छच्या रणापर्यंत. आत बसायचा मनमोहन आणि चालायचा राजाराम, यात कधी बदल झाला नाही. एकदाच राजाराम म्हणाला होता, "साहेब, एकदा मी बसून बघू का आत? कसं दिसतं ते."

"आणि कॅमेरा कोण चालवणार, तुझा बाप?" मनमोहन फिस्कन् हसत म्हणाला. राजारामही हसला. विषय संपला.

खोपीच्या भोकातून भिंग माळावर रोखलेलं असायचं आणि त्यातून मनमोहन राजारामला जाताना बघायचा. डावा खांदा किंचित पडलेला, पलटणीतली चाल, पाठ ताठ. टेकाडापाशी तो हळूहळू लहान होत जायचा. तो चौकटीतून बाहेर जाईपर्यंत मनमोहनचा जीव वरखाली व्हायचा, कारण चौकटीत माणूस आला म्हणजे फोटो नासला. "आडवा चालू नकोस रे, सरळ टळ तिथून!" असं तो त्याला किती वेळा ओरडला असेल. राजारामने शेवटी चौकट कुठवर पोचते ते शिकून घेतलं आणि तेवढी जागा सोडून चालू लागला.

घरी मात्र लीला, मनमोहनची बायको, त्या माणसाबद्दल विचारायची. "जेवतो कुठे तो? उन्हात बसतो कुठे इतका वेळ?" मनमोहनला सांगता यायचं नाही. "बसतो कुठेतरी," तो म्हणायचा. "त्याला सवय आहे."

छप्पन्न सालचा जानेवारी. मुंबईत वारं काही बरं वाहत नव्हतं. आधीच्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या, माणसं मेली होती. गिरगावात चार डोकी जमली की मुंबई कुणाची यावर आवाज चढायचे. गिरणीच्या फाटकावर सभा व्हायच्या आणि राजाराम पाळी सुटली की तिथे उभा राहून ऐकायचा. मनमोहनला यातलं काही नको होतं. "मुंबई दिल्लीला द्या नाहीतर लंकेला द्या," तो कचेरीत म्हणाला होता, "माळ आहे तिथेच राहतो ना?" यावर कुणी त्याच्याशी चार दिवस बोललं नाही.

तशात नगरकडच्या ओळखीच्या धनगराचा निरोप आला की पखुर्डीचं घरटं सापडलंय, तीन अंडी आहेत. मग काय विचारता! मनमोहनने रजा टाकली, राजारामलाही टाकायला लावली. राजाराम निघताना का कू करत होता. सुंदराबाई उलट म्हणाली, "जावा तुमी. हितं रोज काहीतरी पेटतंय. साहेबांसंगं माळावर असाल तर माझ्या जिवाला तरी घोर नाय." हे मनमोहनला पुढे कळलं. तेव्हा त्याने तेही विचारलं नव्हतं.

मनमोहनला हवा होता तो एकच फोटो. पखुर्डीचं असं असतं की दिवसा मादी अंड्यांवर बसते आणि रात्री नर. सकाळी आणि सांजेला पाळी बदलते. नर चालत येतो, मादी उठते आणि क्षणभर दोघं अंड्यांपाशी समोरासमोर उभी राहतात. तो क्षण. आपल्या माहितीत असा फोटो कुणापाशी नाही, असं मनमोहन म्हणायचा. खोपी पुढे सरकवण्यात दिवस गेले. सकाळच्या पाळीला दोनदा प्रयत्न फसला. एकदा मादी लांबूनच फिरली, एकदा धुकं होतं.

आणि तिकडे गावात विचित्र घडत होतं. दोघं उतरले होते त्या फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात रोज येणारं वर्तमानपत्र येईना. यष्टी आली ती मुंबईचं एकही माणूस न घेता. ड्रायव्हर चहा न पिता गाडी फिरवून गेला. रात्री हॉटेलवाल्याच्या रेडिओवर दिल्लीचं भाषण लागलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार म्हणून. पुढचं काही धड ऐकू येईना, नुसती खरखर. माळावर कुत्री उगाच रडत होती. राजाराम कूस बदलत राहिला.

पहाटे खोपीकडे जाताना तो म्हणाला, "साहेब, आज निघू या का? परळात काय चाललंय काय माहीत. पोरगी लहान हाय."

"आज?" मनमोहन थांबलाच. "अरे, आज पाखरू पक्कं बसलंय. आजची सांज मिळाली की उद्या पहिल्या गाडीने निघू. एक दिवसाने काय मुंबई बुडते?"

दोघं खोपीपाशी गेले, पखुर्डी उडाली, मनमोहन आत शिरला. "दुपारी भाकरी-पाणी घेऊन ये," तो आतून म्हणाला. "येतो," राजाराम म्हणाला आणि चालू लागला. त्या दिवशी त्याची चाल नेहमीपेक्षा भरभर होती. मनमोहनच्या ते लक्षात आलं आणि त्याला बरंच वाटलं, चौकट लवकर मोकळी झाली म्हणून.

सकाळची पाळी हुकली. मादी मागच्या बाजूने आली आणि नर खोपीआडून निघून गेला. हरकत नाही, सांज आहे. मनमोहन बसून राहिला. समोर हातभर अंतरावर असल्यासारखी पखुर्डी बसली होती, डोळे अर्धे मिटून. दुपार झाली. राजाराम आला नाही. बाटलीतलं पाणी संपलं. गोणपाट तापून त्याला घाणेरडा वास सुटला. टेकाडावर मान वर केलेला माणूस दिसेल म्हणून मनमोहन भोकाला डोळा लावून बसला, पण टेकाड मोकळंच. ऊन कललं. हात-पाय बधिर झाले, जीभ टाळूला चिकटली. "कुठे झोपलाय हा गाढव!" तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. बाहेर मात्र तो आला नाही. नियम म्हणजे नियम.

मग सूर्य खाली गेला आणि नर आला. हळूच, दोन पावलं टाकून थांबत, पुन्हा दोन पावलं. मादीने मान उचलली. ती उठली. दोघं अंड्यांपाशी आली. मनमोहनचा अंगठा कळीवर गेला आणि त्याच क्षणी त्याच्या कोरड्या घशातून खोकला फुटला. दाबून दाबणार किती? दोन्ही पाखरं भुर्रकन उडाली, ओरडत माळावर गिरकी मारून पार दिसेनाशी झाली.

मनमोहनने खोपी लाथेने उडवली. नियम गेला खड्ड्यात! भर माळावर उभा राहून तो राजारामला शिव्या घालत होता आणि अंधार पडायच्या आत दोन कावळे कुठूनसे उतरले. तो धावत पोचला तेव्हा तिसरं अंडंही फुटलेलं होतं. त्या फुटक्या अंड्यापाशी तो मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्याला जगात त्याहून मोठं दुःख ठाऊक नव्हतं.

अंधारात तो फाट्यावर पोचला तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "त्यो व्हय? त्यो तर सकाळीच गेला. ट्रकवाल्यानं सांगितलं, मुंबईत परळ-लालबागला गोळ्या चालल्यात. त्यानं उडीच घेतली ट्रकात. जाताना वरडला, सायबांना उठवायला जावा म्हणून. पर आमाला काय ठावं तुमी कुठं बसलाय?"

"नीट सांगून जाता येत नव्हतं?" मनमोहन कडाडला. हॉटेलवाल्याने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेला.

मुंबईला पोचायला मनमोहनला फार खटपट करावी लागली. गाड्या अडत होत्या, थांबत होत्या. गिरगावात शिरला तो कर्फ्यू थोडा वेळ उठला होता म्हणून. रस्त्यावर दगडांचा खच, विझलेल्या टायरांचे काळे डाग, ट्राम बंद. खोताच्या वाडीच्या तोंडाशी एक चप्पल पडली होती, एकच. लोक दारं किलकिली करून बघत होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लीलाने दार उघडलं आणि नवऱ्याला बघून देवापुढे साखर ठेवायला धावली.

"आणि राजाराम?" तिने वळून विचारलं.

"नाव काढू नकोस त्याचं!" मनमोहनने बॅग आपटली. "मला मरायला टाकून पळाला. वर्षाचं काम मातीत घातलं."

"अहो, घरी पोरगी आहे त्याची. पोचला का तरी? जाऊन बघून या ना, कर्फ्यू उठला की."

"मी जाऊ? तो येईल. येईल नाक घासत माफी मागायला."

आणि तो बसला. घरातच बसला. कर्फ्यू सकाळी तासभर उठायचा, पुन्हा लागायचा. लीला रोज एकदा म्हणायची, जाऊन या. अप्पासुद्धा म्हणाले, ज्यांना पाखरू फक्त ताटात दिसायचं असं आपण मघा म्हटलं ते अप्पा, "मन्या, माणूस तुझ्याबरोबर गेला होता. चौकशी केली पाहिजे." मनमोहन काळोख्या खोलीत फोटोच्या काचा धूत बसला होता, आदल्या दिवसांच्या फसलेल्या. रात्री चर्नी रोडच्या बाजूने फटाफट आवाज यायचे आणि घरातले सगळे जमिनीवर पडून राहायचे. मनमोहन पडल्या पडल्या मनात भाषण जुळवायचा. राजाराम दारात उभा आहे आणि आपण त्याला काय काय सुनावतो आहोत. भाषण रोज धारदार होत होतं. पण मधूनच एखादा आवाज जवळून यायचा आणि मग त्याला वाटायचं, अजून कसा आला नाही हा? तो कूस बदलून पुन्हा भाषणाकडे वळायचा.

शेवटी शहर जरा निवलं. दुकानांच्या फळ्या एकेक उघडू लागल्या. त्या सकाळी दारावर थाप पडली. मनमोहन तडक उठला. "आला!" म्हणाला. लीलाला हाताने मागे सारून त्याने स्वतः दार उघडलं.

दारात सुंदराबाई होती. कडेवर चंपा. परळपासून चालत आली होती, पाय धुळीने भरलेले. तिने याआधी त्याला एकदोनदाच पाहिलं असेल, पण तिने ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलात तुमी साहेब?" ती म्हणाली. "मी वयनींस विचारायला आले होते, माळावरनं काय पत्र-बित्र आलं का म्हणून. चाळीत म्हणत होते, तुझा नवरा नशीबवान, ऐन वेळेला बाहेर हाय. बरं झालं आलात." आणि ती मान वाकडी करून त्याच्या पाठीमागे, घरात बघू लागली. "हे कुठं हायेत?"

मनमोहनचं ते सगळं धारदार भाषण घशातच राहिलं.

"तो... घरी नाही आला?"

"घरी? कुणाच्या घरी?" सुंदराबाईने चंपाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "ते तुमच्यासंगं हायेत ना? दोघं गेलात ना तुमी?"

लीलाने मागून तोंडाला पदर लावला. मनमोहनने कसंबसं सांगितलं. ट्रक, सकाळ, गोळ्यांची बातमी. सुंदराबाई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. सगळं ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तुमाला ठावं होतं, ते हिकडं आलेत म्हणून? आणि तुमी कधी आलात?"

"चारपाच दिवस झाले," लीला मागून म्हणाली. मनमोहनने कोट चढवला.

पोलीस चौकी झाली, दुसरी झाली. कुठे नाव नव्हतं. तेव्हा एका जमादाराने इस्पितळात बघा म्हणून सांगितलं. इस्पितळाच्या आवारात माणसांची ही गर्दी, सगळी आपापलं माणूस शोधायला आलेली. खिडकीतला कारकून दमलेला होता, पण माणूस म्हणून बरा. नाव शोधलं, मिळालं नाही. "पुष्कळजण शुद्धीवर नव्हते हो," तो म्हणाला. "नावं लागलीच नाहीत. फोटो आहे का? फोटो द्या, मी वॉर्डात फिरवतो."

सुंदराबाईने मनमोहनकडे पाहिलं. "साहेबांकडं असंल. साहेब फोटोच काढतात. लढाईतला एक होता आमच्याकडं, तो ओलीनं गेला."

मनमोहनने खिशात हात घातला, उगाचच. मग बाहेर काढला. इतकी वर्षं, इतके माळ, इतक्या काचा. राजारामचा एकही फोटो नव्हता. एकही नाही.

"बरं, वर्णन सांगा," कारकून म्हणाला.

"डावा खांदा जरा पडलेला," मनमोहन घाईघाईने म्हणाला. "पाठ ताठ. चालताना पाऊल असं..."

"अहो, इथे चालत कोण आलंय?" कारकून म्हणाला. "चेहरा सांगा. चेहरा."

मनमोहनने डोळे मिटून पाहिलं. पखुर्डीच्या पापणीचा रंग त्याने झोपेत सांगितला असता. राजारामचा चेहरा काही केल्या समोर येईना, सारखा पाठमोराच दिसत राहिला. सांगितलं ते सुंदराबाईने. कपाळावर देवीचे व्रण, हनुवटीला खळी, खालचा एक दात नाही, कानाच्या पाळीवर काळा तीळ. ती बोट आपल्याच चेहऱ्यावर ठेवून एकेक जागा दाखवत होती आणि मनमोहन ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

शेजारी रघु नावाचा वॉर्डबॉय बादल्या घेऊन उभा होता. तो पुढे झाला.

"कानाला तीळ? असा एकजण होता बाई. दादरकडनं आणला होता. पोटात लागली होती गोळी. पण तो तुमचा नसणार. तो कुणाकडे तरी गडी असावा."

"कशावरून?" मनमोहनने विचारलं.

"दोन-तीन दिवस काढले त्याने, ग्लानीतच. सारखं एकच बोलायचा. साहेब बसलेत, म्हणायचा. कुणीतरी साहेबांना उठवायला जा. ते आपणहून यायचे नाहीत, पाणी संपलं असेल त्यांचं. आम्ही विचारलं, बाबा कुठे बसलेत तुझे साहेब, तर म्हणे माळावर. आम्ही म्हटलं, वातात बडबडतोय. कुणाला पाठवणार, कुठे पाठवणार? एकदा तर उठून निघायला बघत होता, धरून झोपवावा लागला."

मनमोहनने खिडकीचा गज धरला. "आता कुठे आहे तो?"

रघुने बादली खाली ठेवली. "गेला हो. वाट बघितली, कुणी विचारायला येतंय का. कुणीच आलं नाही. मग बेवारशी म्हणून नेला, बाकीच्यांबरोबर."

चंपा आईच्या बांगड्यांशी खेळत होती. सुंदराबाई रडली नाही. ती रघुच्या जवळ गेली आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारू लागली.

"आमचं नाव घेतलं का हो त्यांनी? चंपाचं?"

रघुने एकदा मनमोहनकडे पाहिलं, मग बादलीकडे. "मी रात्रपाळीला नसायचो बाई," तो म्हणाला.

मनमोहनला ते सहन होईना. तो पुढे आला. "घेतलं असेल, सुंदराबाई. घेतलंच असणार. तुमच्यासाठी तर तो धावत आला. तुमचं नाव घेतल्याशिवाय राहील का तो?"

सुंदराबाई वळली आणि तिने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"तुमाला काय ठावं, साहेब?" ती म्हणाली. "तुमी तर घरी बसला होता."